मृत नायकाचे तोतये : ब्रूस लीच्या कीर्तीवर काढलेल्या चित्रपटांचा पुनर्विचार

सारांश

ब्रूस लीच्या मृत्यूनंतर (१९७३) हाँगकाँग, तैवान व दक्षिण कोरिया येथे त्याच्याशी साधर्म्य असलेल्या नटांना घेऊन अनेक युद्धकलापट काढण्यात आले. मृत नटाच्या कीर्तीची लूट, एवढ्याच शब्दांत समीक्षेने त्यांची बोळवण केली. हा आक्षेप खरा असला तरी अपुरा आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. या चित्रपटांची तुलना ‘गेम ऑफ डेथ’ (१९७८) या अधिकृत चित्रपटाशी केली असता, खरे व खोटे यांतील सीमारेषा नैतिक नसून केवळ मालकीहक्काची होती, हे दिसून येते. शिवाय या व्यवहारात सर्वांत मोठी हानी मृत नायकाची झाली नाही. ज्या जिवंत नटांना स्वतःचे नाव गमवावे लागले, त्यांची झाली.

बीजसंज्ञा : ब्रूस ली, तोतया, तारा-प्रतिमा, अनुकरण, युद्धकलापट, मरणोत्तर व्यक्तिमत्त्व-हक्क.

प्रस्तावना

मराठी वाचकाला ‘तोतया’ हा शब्द नवीन नाही. १७६१ मध्ये पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले; परंतु त्यांच्या मृत्यूविषयी लोकांच्या मनात संशय राहिला. भाऊ परत येतील ही आशा इतकी चिवट होती की, भाऊ म्हणवून घेणारा एक इसम पुढे आला, त्याला अनुयायी मिळाले आणि १७७६ मध्ये त्याचे बंड मोडून त्याला देहान्त शासन द्यावे लागले. न. चिं. केळकर यांनी याच घटनेवर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले. या प्रकरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. तोतया एकट्याच्या धाडसावर उभा राहत नाही. मृत नायक मेला हे मान्य करावयास तयार नसलेला समाज त्याला आधी जागा करून देतो, मग तो त्या जागेवर येऊन बसतो.

२० जुलै १९७३ रोजी हाँगकाँग येथे ब्रूस लीचे निधन झाले, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. मेंदूला सूज येऊन मृत्यू आला. चौकशीअंती तो अपघाती ठरविण्यात आला आणि वेदनाशामक गोळीची प्रतिक्रिया हे त्याचे कारण मानले गेले. मृत्यू बेट्टी टिंग पेई या अभिनेत्रीच्या घरी झाला होता. त्यामुळे अफवांना ऊत आला. ज्या चित्रपटाने त्याला जगभर पोहोचविले, तो ‘एंटर द ड्रॅगन’ प्रदर्शित झाला तो त्याच्या मृत्यूनंतर. म्हणजे जगातील बहुसंख्य प्रेक्षकांची ब्रूस लीशी ओळख झाली ती तो या जगात नसताना. प्रौढ वयात त्याने पूर्ण केलेले प्रमुख युद्धकलापट अवघे चार होते. मागणी अफाट व माल चार चित्रपटांचा, या विषमतेतून प्रस्तुत निबंधाचा विषय असलेले चित्रपट जन्माला आले.

या चित्रपटांना इंग्रजी समीक्षेत ‘ब्रूसप्लॉयटेशन’ असे नाव पडले. त्यात आक्षेप अंगभूत आहे. परंतु शोषण नेमके कोणाचे झाले, कोणी केले आणि ‘खऱ्या’ चित्रपटांनी ते केले नाही काय, हे प्रश्न त्या नावामुळे झाकले जातात. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी येथे तीन कसोट्या लावल्या आहेत : प्रेक्षकाची फसवणूक झाली काय, मृत कलावंताच्या कृतीत वा जीवनात ढवळाढवळ झाली काय, आणि जिवंत कलावंताच्या श्रमाला त्याचे नाव मिळाले काय.

१. काळ व व्याप्ती

या प्रवाहाचा भर १९७४ ते १९८२ या काळात होता. निर्मितीची केंद्रे हाँगकाँग, तैवान व दक्षिण कोरिया ही होती. परंतु बाजार जगभर पसरलेला होता. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरील स्वस्त चित्रपटगृहांत हे चित्रपट एका तिकिटात दोन या पद्धतीने दाखविले जात. भारतातही हाँगकाँगच्या मारधाडपटांची स्वतंत्र वितरणसाखळी होती. एस. व्ही. श्रीनिवास यांनी आंध्र प्रदेशाच्या संदर्भात तिचा अभ्यास (२००३) केला आहे. मोठ्या शहरांच्या पहिल्या प्रतीच्या चित्रपटगृहांबाहेरील हा प्रेक्षकवर्ग समीक्षेच्या नजरेत क्वचितच येतो, याकडे त्या अभ्यासाने लक्ष वेधले. लिऑन हंट (२००३) व ब्रायन हू (२००८) यांनी या चित्रपटांचा गांभीर्याने विचार केला असला, तरी सर्वसाधारण चित्रपट-इतिहासात त्यांची जागा अद्याप तळटीपेचीच आहे.

या सर्व चित्रपटांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही. त्यांचे स्थूलमानाने चार गट पडतात. पहिल्या गटात चरित्रपट येतात. दुसऱ्यात ‘फिस्ट ऑफ फ्युरी’सारख्या मूळ चित्रपटांचे पुढचे भाग येतात. तिसऱ्या गटात ब्रूस लीचा मृत्यू हेच कथानक असते. चौथ्या गटातील चित्रपटांचा ब्रूस लीशी काहीही संबंध नसतो. केवळ शीर्षक व भित्तिपत्रक यांवर त्याचे नाव चिकटविलेले असते. शुद्ध फसवणुकीचा आरोप खऱ्या अर्थाने लागू पडतो तो या चौथ्या गटाला.

त्याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘ब्रूस ली फाइट्स बॅक फ्रॉम द ग्रेव्ह’ (१९७६). मुळात हा एक कोरियन चित्रपट होता. परदेशी वितरणासाठी त्याच्या आरंभी एक छोटे दृश्य जोडले गेले : ब्रूस लीच्या थडग्यावर वीज कोसळते आणि तो उसळी घेऊन बाहेर येतो. त्यानंतर चित्रपटभर या प्रसंगाचा उल्लेखही येत नाही. प्रेक्षकाने तिकीट काढले ते त्या काही क्षणांसाठी. त्याला पाहावयास मिळाला तो दुसराच चित्रपट.

२. नावांचा व्यापार

या प्रवाहातील प्रमुख नटांची पडद्यावरील नावे पाहिली तरी व्यवहाराचे स्वरूप ध्यानात येते. तैवानचा हो चुंग-ताओ ‘ब्रूस ली’ झाला. त्याच्या आडनावाच्या रोमन स्पेलिंगात मूळ नटाच्या आडनावाहून जेमतेम एका अक्षराचा फरक ठेवण्यात आला. ब्रह्मदेशात जन्मलेला हुआंग किन-लुंग ‘ब्रूस ले’ झाला, तर कोरियाचा मून क्युंग-सोक ‘ड्रॅगन ली’. याशिवाय ‘ब्रूस लाय’ व ‘ब्रूस थाय’ही होते. हाँगकाँगचा लेउंग स्यू-लुंग हा स्वतंत्र कुवतीचा नट परदेशात ‘ब्रूस’ या नावानेच विकला गेला. रोमन लिपीत जो एका अक्षराचा फरक भित्तिपत्रकावर घाईत दिसत नसे, तो देवनागरीत तर पूर्णच नाहीसा होतो. म्हणून या निबंधात नटांचा निर्देश त्यांच्या मूळ नावांनी केला आहे. ही केवळ सोय नव्हे. तो या विषयाचा गाभाच आहे.

मात्र नावांची ही फिरवाफिरव केवळ लहान निर्मात्यांनी केली असे समजणे चुकीचे ठरेल. ब्रूस लीच्या अस्सल चित्रपटांच्या बाबतीतही अमेरिकी वितरकांनी तेच केले. ‘द बिग बॉस’ (१९७१) तेथे ‘फिस्ट्स ऑफ फ्युरी’ या नावाने लागला, आणि खरा ‘फिस्ट ऑफ फ्युरी’ (१९७२) ‘द चायनीज कनेक्शन’ या नावाने. त्याने स्वतः लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘द वे ऑफ द ड्रॅगन’ (१९७२) हा ‘एंटर द ड्रॅगन’च्या आधीचा, परंतु १९७४ मध्ये अमेरिकेत तो ‘रिटर्न ऑफ द ड्रॅगन’ या नावाने, जणू नंतरचा भाग असल्याप्रमाणे, प्रदर्शित करण्यात आला. त्याच वर्षी ‘द ग्रीन हॉर्नेट’ या १९६६-६७ मधील दूरचित्रवाणी मालिकेचे काही भाग एकत्र शिवून एक चित्रपट तयार केला गेला. मालिकेत ब्रूस ली दुय्यम भूमिकेत होता. चित्रपटाच्या जाहिरातीत तो प्रमुख झाला. येथे नट खरा होता, जाहिरात खोटी होती. पहिली कसोटी लावली तर प्रतिष्ठित व अप्रतिष्ठित हे दोन्ही व्यापारी एकाच पंक्तीत बसतात.

३. खुणांतून घडलेला नायक

चित्रपटतारा ही व्यक्ती नसून प्रतिमा असते आणि चित्रपट, जाहिरात, प्रसिद्धी व समीक्षा या सर्वांतून ती घडते, हा विचार रिचर्ड डायर यांनी ‘स्टार्स’ (१९७९) या ग्रंथात मांडला. ब्रूस लीचे अनुकरणपट हा या विचाराचा जणू प्रत्यक्ष प्रयोग होता. व्यक्ती वजा केली तर प्रतिमा किती उरते, हे त्यांनी पाहिले. कपाळावर येणारे केस, काळा चष्मा, अंगठ्याने नाक पुसणे, लढाईपूर्वी सदरा काढणे, जखमेचे रक्त जिभेवर घेऊन पाहणे, नानचाकू आणि ती मांजरासारखी तीक्ष्ण आरोळी अशी यादीच करता येते. आणि या यादीच्या आधारे कोणालाही ‘ब्रूस ली’ बनविता येत असे.

या खुणांपैकी काळ्या पट्ट्यांच्या पिवळ्या पोशाखाची कथा सर्वांत उद्बोधक आहे. हा पोशाख ब्रूस लीने १९७२ मध्ये ‘गेम ऑफ डेथ’च्या अपुऱ्या चित्रीकरणात घातला होता. तो चित्रपट पडद्यावर आला १९७८ मध्ये. परंतु ‘गुडबाय ब्रूस ली : हिज लास्ट गेम ऑफ डेथ’ या १९७५ च्या चित्रपटात हो चुंग-ताओ हाच पिवळा पोशाख घालून मनोऱ्याचे मजले चढताना व प्रत्येक मजल्यावर नव्या प्रतिस्पर्ध्याशी लढताना दिसतो. अर्थात, मूळ प्रसंग प्रेक्षकांपुढे येण्यापूर्वी तीन वर्षे त्याची नक्कल येऊन गेली होती. प्रतिकृती मूळ वस्तूच्या आधी येते, हे झाँ बोद्रियार यांचे १९८१ मधील प्रतिपादन अनेकांना अतिशयोक्त वाटते. येथे ते अक्षरशः घडले. १९७८ मध्ये ज्या प्रेक्षकांनी अस्सल पिवळा पोशाख पाहिला, त्यांपैकी काहींना तोच अनुकरण वाटला असल्यास नवल नाही.

परंतु खुणा उचलल्या गेल्या तरी एक गोष्ट सहजी उचलता आली नाही, ती म्हणजे त्या खुणांमागचा राग. ‘फिस्ट ऑफ फ्युरी’तील चेन झेन हा शांघायमध्ये जपान्यांच्या अरेरावीखाली दबलेल्या माणसाचा राग आहे. चिनी माणसाला रोगट म्हणून हिणविणारा फलक तो परत नेऊन देतो, चिनी लोकांना प्रवेश नाकारणारी बागेवरची पाटी तो लाथेने फोडतो. विजय प्रशाद यांनी ब्रूस लीच्या आवाहकतेचा संबंध साम्राज्यवादविरोधाशी जोडला आहे, तो याच कारणाने. अनेक अनुकरणपटांत लाथ राहिली, पाटी नाहीशी झाली. शत्रू म्हणून तस्कर, खजिन्याचा चोर किंवा वेडा शास्त्रज्ञ आला. अनुकरणाची खरी कलात्मक उणीव येथे आहे. हो चुंग-ताओ याच्या लाथेत जोर कमी होता असे म्हणता येत नाही. त्या लाथेला लक्ष्य उरले नव्हते.

४. मृत्यूचे कथानक

तिसऱ्या गटातील चित्रपट वरवर सर्वांत असंस्कृत वाटतात. परंतु तेच सर्वांत अर्थपूर्णही आहेत. एक समाज मृत्यू पचविण्याचा प्रयत्न कसा करतो, हे त्यांतून दिसते.

‘ब्रूस ली अँड आय’ (१९७६) हा शॉ ब्रदर्सचा चित्रपट. ब्रूस लीला आपल्याकडे आणण्यात ही बलाढ्य संस्था अयशस्वी ठरली होती. मृत्यूनंतर तिने त्याला पडद्यावर आणले ते डॅनी ली या नटाच्या रूपाने. यात बेट्टी टिंग पेई हिने स्वतःचीच भूमिका केली. दुसऱ्या कसोटीवर हा चित्रपट दोषी ठरतो, कारण ज्याचे खासगी जीवन येथे मांडले आहे तो उत्तर द्यावयास हयात नाही. तथापि, ज्या स्त्रीला मृत्यूनंतर सर्वांनी दोष दिला, तिला आपली बाजू मांडावयास मिळालेली जागाही हीच होती. एकाच चित्रपटात मृताची लूट व जिवंताचे निवेदन असे गुंतलेले असते, आणि म्हणूनच सरसकट निवाडा कामास येत नाही.

न्ग सी-युएन दिग्दर्शित ‘ब्रूस ली : द मॅन, द मिथ’ (१९७६) हा चरित्रपटांतील अधिक गंभीर प्रयत्न मानला जातो. नायकाच्या भूमिकेत हो चुंग-ताओ आहे. या चित्रपटाचा शेवट विशेष लक्षणीय आहे. ब्रूस लीच्या मृत्यूचे एकच चित्र न देता दिग्दर्शक अनेक शक्यता एकामागून एक दाखवितो, आणि त्यांत तो मेलाच नसून अज्ञातवासात गेला आहे, हीही एक शक्यता असते. पानिपतानंतरच्या मनःस्थितीशी याचे नाते उघड आहे. फरक एवढाच की, तेव्हा अफवेतून तोतया जन्मला. हाँगकाँगमध्ये तोतयाच्या मुखवट्याआडून अफवा पडद्यावर आली.

‘द ड्रॅगन लिव्ह्‌ज अगेन’ (१९७७) मध्ये ब्रूस ली मृत्यूनंतर पाताळलोकात जातो आणि तेथे त्याची गाठ जेम्स बाँड, ड्रॅक्युला, पॉपाय यांच्याशी पडते. हा प्रकार हास्यास्पद आहे यात शंका नाही. परंतु त्याचे तर्कशास्त्र नाकारता येत नाही. पाताळात जमलेली ही मंडळी काल्पनिक पात्रे आहेत. आणि त्यांच्यात ब्रूस ली एकटाच खराखुरा माणूस आहे. मेल्यानंतर तोही आता त्यांच्यासारखे एक पात्र झाला आहे, कोणाच्याही कथेत घालता येईल असे, याची कबुली हा चित्रपट नकळत देतो.

या कबुलीचे टोक ‘द क्लोन्स ऑफ ब्रूस ली’ या ऐंशीच्या दशकाच्या आरंभीच्या चित्रपटात दिसते. ब्रूस लीच्या मृतदेहातून पेशी काढून एक शास्त्रज्ञ त्याची तीन प्रतिरूपे बनवितो. ती साकारली आहेत हुआंग किन-लुंग, मून क्युंग-सोक व ‘ब्रूस लाय’ यांनी. प्रतिरूपांना कामगिऱ्या वाटून दिल्या जातात. एकाला सोन्याची तस्करी करणाऱ्या चित्रपटनिर्मात्याकडे नट म्हणून पाठविले जाते. अखेरीस निर्माणकर्ता शास्त्रज्ञच त्यांना एकमेकांवर सोडतो. प्रेताजवळ उभा असलेला धंदेवाईक, त्याने तयार केलेली माणसे, त्यांना नावाऐवजी मिळालेले क्रमांक आणि शेवटी त्यांचीच आपसांत झुंज : या चित्रपटव्यवसायाचे इतके नेमके चित्र कोणत्याही टीकाकाराने रंगविलेले नाही. निर्मात्यांना ते अभिप्रेत होते असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु कृती कर्त्याच्या हेतूपेक्षा अधिक बोलते, हे साहित्याच्या अभ्यासकांना सांगावयास नको.

५. अधिकृत तोतया : ‘गेम ऑफ डेथ’

वरील सर्व चित्रपटांना खोटे म्हणण्यासाठी समोर काही खरे असावे लागते. तो मान ‘गेम ऑफ डेथ’ (१९७८) या चित्रपटाला मिळतो. गोल्डन हार्वेस्ट या चित्रसंस्थेने तो काढला आणि ‘एंटर द ड्रॅगन’चे दिग्दर्शक रॉबर्ट क्लाउझ यांनी तो पूर्ण केला. मूळ चित्रीकरणाचा हक्क त्यांच्याकडे होता. कायद्याच्या दृष्टीने यात काहीही गैर नव्हते.

आता तिन्ही कसोट्या लावून पाहाव्यात. सुमारे शंभर मिनिटांच्या या चित्रपटात ब्रूस लीने खास त्यासाठी केलेले चित्रीकरण अकरा-बारा मिनिटांचे आहे. उरलेल्या भागात कोरियाचा किम ताए-जुंग त्याच्या जागी उभा आहे, तर कसरतीच्या प्रसंगांत युएन बियाओ. चेहरा लपविण्यासाठी काळे चष्मे, पाठमोरी दृश्ये, अंधार यांचा आश्रय घेतला आहे. एका दृश्यात तर आरशावर ब्रूस लीच्या चेहऱ्याचे कापलेले छायाचित्र चिकटवून खाली दुसऱ्याचा देह दाखविला आहे. जुन्या चित्रपटांतील तुकडे मधूनमधून पेरले आहेत. प्रेक्षकाची फसवणूक म्हणावयाची तर ती यापेक्षा वेगळी काय असते?

दुसरी कसोटी अधिक कठोर आहे. ब्रूस लीची मूळ कल्पना मनोऱ्याच्या मजल्यांवर भिन्न युद्धशैलींशी सामना करीत वर जाणाऱ्या योद्ध्याची होती. कोणत्याही एका शैलीत अडकून न राहण्याच्या त्याच्या विचाराचे ते दृश्यरूप होते. क्लाउझ यांनी कथाच बदलली. नवा नायक हा चित्रपटनट आहे. गुन्हेगारांची टोळी त्याला आपल्या कह्यात घेऊ पाहते, चित्रीकरणाच्या वेळी त्याच्यावर गोळी झाडते, आणि तो मेल्याचे सोंग करून सूड घेतो. ‘फिस्ट ऑफ फ्युरी’च्या अखेरीस बंदुकांवर झेपावणाऱ्या नायकाचे गोठलेले चित्र हा ब्रूस लीच्या कारकिर्दीतील सर्वांत उत्कट क्षण. त्याच प्रसंगाच्या चित्रीकरणात गोळी झाडली गेल्याचे येथे दाखविले आहे. आणि सोंग घेतलेल्या त्या मृत्यूच्या अंत्ययात्रेसाठी वापरले आहे ते ब्रूस लीच्या खऱ्या अंत्यविधीचे चित्रण, शवपेटीतील त्याच्या चेहऱ्यासह. थडग्यातून उडी मारणारा नट कितीही हीन अभिरुचीचा असो, ते थडगे निदान खोटे होते. येथे शव खरे आहे.

मूळ चित्रीकरणाचा बराच मोठा भाग वगळलेलाच राहिला. तो सुसंगत क्रमाने प्रेक्षकांपुढे आला तो २००० मध्ये, ‘ब्रूस ली : अ वॉरियर्स जर्नी’ या माहितीपटातून. म्हणजे हक्कदार संस्थेने केवळ भर घातली असे नाही, तर कलावंताने स्वतः केलेले काम बावीस वर्षे बाजूला ठेवले. अनधिकृत चित्रपटांना ब्रूस लीच्या कामाला हातच लावता येत नव्हता, त्यामुळे त्याचे असे नुकसान करणेही त्यांना शक्य नव्हते.

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो. अपुरी कलाकृती दुसऱ्याने पूर्ण करणे हे कलाक्षेत्रात निषिद्ध नाही. आणि ‘गेम ऑफ डेथ’मुळेच मनोऱ्यातील ती अजोड दृश्ये जगाला प्रथम दिसली. आक्षेपात तथ्य आहे. मात्र पूर्ण करणाऱ्याने मूळ भाग कोणता व भर कोणती हे लपवू नये, एवढी मर्यादा त्या परंपरेतही असते. ‘गेम ऑफ डेथ’चे सारे तंत्र लपविण्यासाठी राबलेले आहे. उलट ‘गुडबाय ब्रूस ली’च्या आरंभी, एका तरुणाला मृत ताऱ्याच्या जागी उभे केले जात आहे, ही गोष्ट कथानकातच उघड सांगितली जाते. दोहोंत अधिक प्रामाणिक कोण, याचे उत्तर प्रतिष्ठेच्या उतरंडीप्रमाणे मिळत नाही.

६. जिवंत देहाचे मोल

तिसरी कसोटी जिवंत कलावंताची. पानिपताच्या तोतयाने स्वतः भाऊंचे नाव घेतले आणि त्याचे प्रायश्चित्तही भोगले. हो चुंग-ताओ याची गत उलटी आहे. नाव त्याने घेतले नाही. निर्मात्यांनी ते त्याच्यावर लादले. यशाचे श्रेय त्या नावाला गेले, अपयशाचा व चेष्टेचा धनी मात्र तो झाला. त्याच्या चित्रपटांतील कसरती, पडणे, मार खाणे हे सर्व खरे होते, त्याच्या देहावर घडत होते. ‘द चायनीज स्टंटमन’ हा ऐंशीच्या दशकाच्या आरंभीचा चित्रपट त्याने स्वतः दिग्दर्शित केला, आणि त्याचा नायक ताऱ्याऐवजी धोक्याची कामे करणारा माणूस आहे, हे केवळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

किम ताए-जुंग याची कथा याहून बोलकी आहे. ‘गेम ऑफ डेथ’मध्ये त्याचा देह होता, चेहरा नव्हता. १९८१ च्या पुढच्या भागात त्याला पुन्हा त्याच जागी घेतले गेले. पुढे ‘नो रिट्रीट, नो सरेंडर’ (१९८६) या चित्रपटात त्याने ब्रूस लीच्या भुताची भूमिका केली. आधी मृताचा देह, नंतर मृताचे भूत. परदेशी प्रेक्षकांना त्याचा परिचय झाला तो एवढाच.

या चक्रातून सुटण्याचे मार्गही त्याच काळात दिसतात. ‘फिस्ट ऑफ फ्युरी’चे दिग्दर्शक लो वेई यांनी ‘न्यू फिस्ट ऑफ फ्युरी’ (१९७६) मध्ये जॅकी चॅनला ब्रूस लीच्या साच्यात बसविण्याचा प्रयत्न केला, तो फसला. दोनच वर्षांनी ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’ व ‘ड्रंकन मास्टर’ (दोन्ही १९७८) या चित्रपटांत तो विनोदी, मार खाणारा, धडपडणारा नायक म्हणून उभा राहिला आणि यशस्वी झाला. अनुकरण सोडले तेव्हाच त्याला नाव मिळाले. त्याच वर्षी सॅमो हुंगच्या ‘एंटर द फॅट ड्रॅगन’ने दुसरा मार्ग दाखविला. त्यातील नायक खेड्यातून शहरात आलेला लठ्ठ तरुण आहे, ब्रूस लीचा निस्सीम भक्त आहे, आणि ब्रूस लीची वाईट नक्कल करणाऱ्या चित्रपटनटाला तो चोप देतो. सॅमो हुंगचा देह ब्रूस लीच्या देहाहून सर्वस्वी भिन्न. त्यामुळे त्याच्या अंगविक्षेपांत ब्रूस ली दिसला की ती फसवणूक ठरत नाही, आदरांजली ठरते. नक्कल व आदरांजली यांतील भेद साम्याच्या प्रमाणात नसतो. नक्कल करणारा स्वतः त्या देहात हजर आहे की नाही, यावर तो अवलंबून असतो.

७. कायदा आणि आजचा प्रश्न

हे चित्रपट जोरात होते त्या काळात मृत व्यक्तीच्या प्रतिमेवर कोणाचा हक्क, याबाबत कायदा अस्पष्ट होता. ‘ड्रॅक्युला’तील नट बेला लुगोसी याच्या वारसांनी लावलेल्या दाव्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये वारसांच्या विरुद्ध निर्णय दिला. त्यानंतर तेथे कायदा करून १९८५ पासून असा हक्क मरणोत्तर मान्य करण्यात आला. भारतात सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूनंतर (२०२०) त्यांच्या जीवनावर बेतलेल्या चित्रपटाविरुद्ध त्यांच्या वडिलांनी दाद मागितली असता, व्यक्तिमत्त्वविषयक हे हक्क व्यक्तीबरोबरच संपुष्टात येतात, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये घेतली.

परंतु वारसांना हक्क मिळाला की प्रश्न सुटतो, असे ‘गेम ऑफ डेथ’चे उदाहरण पाहता म्हणवत नाही. २०१३ मध्ये चिनी बाजारपेठेसाठी केलेल्या जॉनी वॉकर मद्याच्या जाहिरातीत संगणकाच्या साहाय्याने ब्रूस लीला पुन्हा उभे करण्यात आले. त्यास त्याच्या कन्येची अनुमती होती. तरीही, मद्यापासून दूर राहणारा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाला मद्याच्या प्रचारासाठी वापरले, म्हणून चाहत्यांनी संताप व्यक्त केला. कायद्याने योग्य ते औचित्याने योग्य असतेच असे नाही, हेच येथे पुन्हा दिसते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या काळात मृत नटाचा चेहरा व आवाज उभा करणे अधिकच सुलभ झाले आहे. सत्तरच्या दशकातील तोतयाला निदान दरदरून घाम येत असे, त्याला मजुरी द्यावी लागत असे. आता त्याचीही गरज उरली नाही. देहाशिवाय तोतया बनू लागला आहे.

निष्कर्ष

१. ब्रूस लीच्या कीर्तीवर काढलेल्या चित्रपटांना सरसकट फसवणूक म्हणता येत नाही. शीर्षकापुरते त्याचे नाव वापरणारे चित्रपट दोषी आहेत; परंतु त्याच्या मृत्यूलाच कथानक बनविणाऱ्या चित्रपटांत शोकाचा व नकाराचा एक सामूहिक अनुभव व्यक्त झाला आहे.

२. प्रेक्षकाची दिशाभूल व मृत कलावंताच्या कृतीतील ढवळाढवळ या दोन्ही बाबतींत अधिकृत ‘गेम ऑफ डेथ’ हा अनधिकृत चित्रपटांपेक्षा निर्दोष ठरत नाही. काही अंशी तो अधिक दोषी ठरतो.

३. अनुकरणपटांची कलात्मक उणीव नटांच्या कुवतीत नव्हती. मूळ प्रतिमेच्या खुणा उचलताना तिच्यातील वसाहतविरोधी आशय गळून पडला, हे तिचे कारण होय.

४. या व्यवहारात सर्वांत दुर्लक्षित राहिला तो अनुकरण करणारा नट. ‘तोतया’ हे दूषण त्याला लावताना, ज्याने स्वेच्छेने नाव घेतले आणि ज्याच्यावर ते लादले गेले, यांत समीक्षेने भेद करावयास हवा होता.

अखेर या नटांना आपल्या अनुभवाविषयी बोलण्याची संधी मिळाली ती २०२३ मध्ये, ‘एंटर द क्लोन्स ऑफ ब्रूस’ या माहितीपटातून. सदाशिवरावभाऊंच्या तोतयाला इतिहासाने तोतया म्हणूनच लक्षात ठेवले; त्याचे स्वतःचे नाव किती जणांना ठाऊक आहे? हो चुंग-ताओ, हुआंग किन-लुंग, मून क्युंग-सोक व किम ताए-जुंग यांच्या बाबतीत तीच चूक टाळणे समीक्षेच्या हाती आहे, आणि त्याचा आरंभ त्यांचा निर्देश त्यांच्या नावाने करण्यापासून होतो.